दांडीवरची शीट

रहिमानच्या सायकलच्या दुकानाची पायरी मानसिंग तिसऱ्यांदा चढला, तेव्हा त्याच्या काखेत वेताची खुर्ची होती आणि चेहरा एरंडेल प्याल्यासारखा झाला होता.

“या मेजर,” रहिमान म्हणाला. तो घमेल्यातल्या पाण्यात ट्यूब बुडवून पंक्चर शोधत होता. “आज काय झालं? खुर्चीत ढेकूण निघालं का काय?”

“बदलून द्या.”

“आवं, पोरीची शीट घ्यायची हाय. तुमी तर नवरी बघितल्यागत बघायला लागलाय.”

मानसिंग हसला नाही. त्याला बूड टेकून बसवेना. टांगलेल्या चाकांना हात लाव, घंटी वाजव, उगाच रस्त्यावर जाऊन ये, असं त्याचं चाललं होतं. रजा संपत आली होती. परवा सकाळी कऱ्हाडात गाडी धरायची होती, आणि ज्या एका कामासाठी त्यानं साहेबापुढं टाचा जुळवून रजा मागितली होती ते काम अजून तसंच पडलं होतं. शेवंता त्याच्याजवळ आली नव्हती.

शेवंता त्याची मुलगी. ती जन्मली तेव्हा तो जम्मूकडं होता. मध्ये लढाई संपल्यावर एकदा येऊन गेला, तेव्हा ती पाळण्यात होती. आता ती घरभर धावत होती, चुरुचुरु बोलत होती आणि बापाला ‘मिल्ट्रीवाला’ म्हणत होती. त्याची मिशी दिसली की चुलत्याच्या पायांमागं दडत होती.

आता कुणी म्हणेल, उचलायची की आपली पोर, त्यात काय एवढं? म्हणणाऱ्याचं काय जातंय! मानसिंगच्या घरात, आणि त्याच्याच कशाला, त्या साऱ्या पट्टीत, बापानं आपलं पोर वडीलधाऱ्यांच्या देखत घ्यायचं नाही अशी रीत होती. चुलत्यानं कडेवर घ्यावं, आज्ज्यानं खांद्यावर मिरवावं, शेजाऱ्यानं पाठुंगळी मारावं. बापानं मात्र खांबाला टेकून दुसरीकडं बघायचं. घेतलं तर लाज सोडली म्हणून गावभर होणार. सरहद्दीवर तोफा धडाडताना जागचा न हललेला हा गडी आपल्याच घराच्या पुढच्या सोप्यात पोरीकडं हात पुढं करायला भीत होता, कारण सोप्यात त्याचा बाप आकाराम बसलेला असायचा.

सायकलची कल्पना त्याला म्हणूनच सुचली. रस्त्यावर कुठला आलाय सोपा? एकदा वेशीबाहेर पडलं की पोर आणि तो. पण ही गोष्ट तोंडानं बोलायची कशी? पहिल्यांदा दुकानात आला तेव्हा रहिमाननं रीतसर विचारलं होतं, “चालवनार कोन?” आणि मानसिंगच्या तोंडून सटकन निघून गेलं, “आमचा नाथाजी. पोरीला बालवाडीत सोडायचं असतंय.”

नाथाजी म्हणजे त्याचा धाकटा भाऊ. रहिमाननं कॅरिअरवर बसणारी लोखंडी शीट दिली. मानसिंगनं ती घरी नेऊन स्वतःच्या हातानं नट आवळून बसवली, आणि दुकानात सांगितलं होतं तसंच झालं. नाथाजीनं पोरीला मागं बसवलं आणि शीळ घालत गल्लीतून नेलं. मानसिंग गोठ्याच्या दारातून बघत राहिला. शीट आपली, पोर आपली, आणि मिठी मात्र भावाच्या पाठीला. भावावर त्याचा जीव होता. तरी त्या घटकेला त्याच्या कानाखाली वाजवावी असं त्याला वाटलं.

त्याच संध्याकाळी शेवंताचा पाय चाकात जाता जाता वाचला. मानसिंगची बायको सुला कडाडली, “आवं, मागं काय चाललंय ते चालवनाऱ्याला दिसतंय व्हय? बदलून आना ती शीट.” मानसिंगला तेवढंच निमित्त पाहिजे होतं.

मग आली वेताची खुर्ची. ही हँडलला अडकवायची, आणि पोर चालवणाऱ्याकडं तोंड करून बसणार. समोरासमोर असलं की ओळख होईल, असा मानसिंगनं हिशेब केला. म्हातारा देवळाकडं गेलेला बघून त्यानं गोठ्यामागं शेवंताला उचललं आणि खुर्चीत ठेवलं. तिनं वर बघितलं. वीतभर अंतरावर ती मिशी! तिनं असा टाहो फोडला की अख्खी गल्ली गोळा झाली. नाथाजी धावत आला, त्यानं तिला कडेवर घेतलं आणि ती गप्प झाली. तोवर आकारामही माघारी आला होता. तो नुसता मानसिंगकडं बघून खाकरला. ते खाकरणं मानसिंगला शिवीपेक्षा लागलं.

आणि आता ती खुर्ची रहिमानच्या पुढ्यात पडली होती.

“मेजर, एक इचारू?” रहिमान हात पुसत म्हणाला. “दोनदा तुमी भावाचं नाव सांगितलं. दोनदा म्या भावाच्या हिशेबानं शीट दिली. सायकल नक्की चालवनार कोन?”

मानसिंग रस्त्याकडं बघत राहिला. एक बैलगाडी गेली, तिच्यामागची धूळ खाली बसली.

“मी,” तो शेवटी म्हणाला. “मी चालवनार हाय. पोर माझी हाय. आन् ती मला बघून रडती.”

बोलून झाल्यावर त्याचे कान गरम झाले. रहिमान या वेळी थट्टेच्या वाटेला गेला नाही. तो स्टुलावर चढला आणि माळ्यावरून एक बुटकी चामड्याची शीट काढून त्यानं तिच्यावर फडकं मारलं. तिला दोन्ही बाजूंना पाय ठेवायला पट्ट्या होत्या.

“ही दांडीवर बसती. पोर तुमच्या दोन हातांच्या मधी, तोंड रस्त्याकडं. तुमचं थोबाडच तिला दिसायचं न्हाई.” फडकं खांद्यावर टाकत तो म्हणाला, “आन् कॅरिअर मोकळं ऱ्हातंय. कुनी पाव्हना आला तर बसंल.”

थट्टेची खोड शेवटी काही सुटली नाही. पण मानसिंगला सायकलवर बसवून, त्याचे गुडघे लागतात का बघून, शीट बोटभर पुढं सरकवूनच त्यानं नट आवळले.

शीट घरी आली. पण शीट आली म्हणजे काम झालं थोडंच! पोरीला बाहेर काढायचं कुठल्या तोंडानं? शेवटचा दिवस उजाडला. मानसिंगनं वळकटी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. अंगणात चकरा मारल्या. सायकलला तेल दिलं, कालही दिलं होतं तरी. शेवंता दुरून त्या नव्या शीटकडं बघत होती आणि नाथाजी बालवाडीसाठी सायकल घ्यायला पुढं झाला होता.

“नाथा,” सोप्यातून आकारामचा आवाज आला, “तू रानात जा. कुळवायचं ऱ्हायलंय. मानसिंगा, मला विट्याला ने. पायतान शिवून आनायचंय.”

मानसिंगनं मुकाट मान हलवली. आतून तो नुसता जळत होता. शेवटचा दिवस, आणि तोही म्हाताऱ्याच्या पायताणात गेला! चपला शिवायला दुसरा दिवस नव्हता का मिळत? त्यानं सायकल रस्त्यावर घेतली.

“आन् पोरीला घे की म्होरं,” आकाराम काठी टेकत बाहेर येऊन म्हणाला. “का शीट नुसती मिरवायला आनलीस?”

सगळे जागच्या जागी थांबले. सुला हातातली परात घेऊन दारात आली. मानसिंगचे हात उचलेनात.

“आवं आबा, तुमच्या म्होरं...”

“माझ्या म्होरं कुठं? मी मागं बसनार हाय.”

आणि म्हातारा कॅरिअरवर चक्क उलटा बसला. तोंड मागं, काठी मांडीवर आडवी, फेटा सावरत, जसा काही तो आयुष्यभर असाच बसत आला होता.

मानसिंगनं वाकून पोरीला उचललं. ती लाकडासारखी ताठ झाली, तिनं ओठ काढले, आता भोकाड पसरणार तोच मागून आवाज आला, “शेवंते, मी हाय गं हितं. घंटी वाजीव बरं.” तिनं घंटी वाजवली. पुन्हा वाजवली. सायकल वेशीबाहेर पडली तरी ती वाजवतच होती.

रस्त्याला लागल्यावर तिला मिल्ट्रीवाल्याचे पुढं दोन हात दिसत होते, बाकी काही नाही. उजव्या हातावर एक लांब वण होता. तिनं त्यावर बोट ठेवलं.

“हे काय?”

“इळा लागला हुता. ल्हान हुतो तवा.”

“रगत आलं?”

“लय.”

“रडलास?”

“रडलो की.”

हे तिला फारच आवडलेलं दिसलं. तिनं मान वर करून त्या मिशीकडं नीट बघितलं, रडण्यासारखं काही सापडलं नाही, आणि पुन्हा रस्ता बघायला लागली. चढ कधी संपला ते मानसिंगला कळलं नाही.

परत येताना ती त्याच्या हातावर गाल टेकून बसली होती. गावाच्या वेशीशी मानसिंगनं ब्रेक दाबला आणि पाय टेकला. पारावर आकारामच्या बरोबरीचा लालासाहेब आणि आणखी चार म्हातारी मंडळी बसलेली होती.

“आबा, हितनं पोरीला तुमी घ्या. मंडळी बसल्याती.”

आकाराम उतरला नाही. मागं, आलेल्या रस्त्याकडं बघत बसून राहिला.

“तुला इळा लागला तवा तुझ्या चुलत्यानं तुला विट्याला दवाखान्यात नेलं, पाठुंगळी,” तो म्हणाला. “तू बा बा म्हनून वरडत हुतास. मी मागनं चाललो हुतो, तुझी टोपी घिऊन. माझा बा संगं हुता, म्हनून म्या तुला घेतलं न्हाई.” त्यानं मांडीवरची काठी सरळ केली. “अजून सलतंय रं ते. चल, हाक.”

मानसिंगला मागं वळून बघायचं होतं, पण रस्ता पुढं होता. त्यानं पायडल मारलं. पारावरून लालासाहेब ओरडला, “आकाराम, आरं ही कुठली तऱ्हा बसायची?” आकारामनं काठी वर करून रामराम घातला आणि तसाच उलटा पुढं गेला.

घर आलं. दारात सुला उभी होती. उद्या या वेळेला मानसिंग गाडीत बसलेला असणार होता. त्यानं ब्रेकवर बोटं ठेवली, आणि काढून घेतली. दार मागं गेलं, गोठा मागं गेला.

“मानसिंगा,” मागून म्हातारा म्हणाला, “घर ऱ्हायलं की रं मागं.”

“व्हय आबा.”

आकाराम लहान होत जाणाऱ्या घराकडं थोडा वेळ बघत राहिला.

“ऱ्हाऊ दे,” तो म्हणाला. “मारुतीच्या देवळाला येढा घालून ये.”

शेवंतानं घंटी वाजवली.