गळ्यापर्यंत चढलेला उजेड

बायको शीला गेली तेव्हा भूपेंद्र केळीच्या बागेत ठिबकच्या नळ्या बघत होता. शेजारची छबूबाई बांधावरून पळत त्याला बोलवायला आली.  घरी पोचला तर ओट्यावर माणसं जमली होती, आणि म्हातारा धुडकूआबा सगळ्यांना एकच विचारत होता, "पन उजेड ते गळालगून चढना व्हता ना? मंग हाई कसं व्हयनं?"

सगळ्या गावाला तोच प्रश्न पडला होता. आदल्या आठवड्यात अख्खा गाव तापीकाठी ज्योतबाबाच्या मांडवात होता. बाबाच्या पातळ भगव्या कफनीतून, छातीवर, निळेहिरवे पट्टे उजळायचे. रोग्याचं नाव घेतलं की ते पोटापासून गळ्याकडे चढायचे. "ज्याचं नाव देव ऐकतो त्याचाच उजेड चढतो," बाबा सांगायचा. "गळ्याला लागला की रोग गेला. अर्ध्यात थांबला तर तुमचा भाव कमी. माझ्याकडे बोट दाखवायचं नाही."

शीलाच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा नंदुरबारला डायलिसिस. मशीनवरून उठली की दिवसभर तिच्यात जीव नसायचा. पाणीसुद्धा मोजून प्यायचं.

"नवऱ्याने हाक मारावी," बाबा म्हणाला. "लाजू नका."

लग्न झाल्यापासून भूपेंद्रने तिला चारचौघांत नावाने हाक मारली नव्हती. मुलगी झाल्यावर ती 'मयूरीनी माय' झाली, ती तशीच राहिली. त्या दिवशी मात्र तो बेंबीच्या देठापासून ओरडला, "शीला!" पट्टे सरसर गळ्याला भिडले. बायका रडल्या. तोही रडला.

"किडन्या धुऊन निघाल्या," बाबा म्हणाला. "आता मशीनला शिवायचं नाही. शिवलात तर उजेड उतरेल."

घरी येऊन शीला तांब्याभर पाणी गटागटा प्यायली आणि हसली. मग तिने मशीनवरच्या दोन सोबत्यांना फोन करून आनंदाची बातमी दिली. एक प्रकाशा रस्त्यावरचा दोधू, दुसरी तोरणमाळच्या पायथ्याकडची फुलवंताबाई. पुढच्या आठवड्यात ती सुजली, तिला धाप लागली. भूपेंद्र गाडी बोलवायला निघाला की ती हात धरायची. "उजेड उतरी जाई."

लोणखेड्याला कॉलेजात शिकणाऱ्या मयूरीला यातलं काही सांगितलेलं नव्हतं. दहाव्याला कुणीतरी तिला मांडवातला व्हिडिओ दाखवला. तो तिने तीनदा पाहिला आणि बापाला आत बोलावलं.

"पप्पा, हाक माराना पहिले बाबा खोकलना. दखा. खोकलावर बी पट्टा चढनात."

भूपेंद्रला पट्टे दिसले नाहीत. त्याला फक्त आपला आवाज ऐकू आला.

तेवढ्यात दोधूची आई रंजनाबाई भेटायला आली. म्हणाली, "ताईना फोन उना व्हता. उद्या बाबाकडे आमनी पाळी शे."

"आनि दोधूनं मशीन?" भूपेंद्रने विचारलं.

"ते बंद करी दिनं."

"रंजनाबाई, जिनी फोन करा तिना आज दहावा शे."

तिने पदर सारखा केला. "तुमना भाव कमी पडना व्हई, भाऊ."

व्हिडिओ बघायला तिने साफ नकार दिला.

दुसऱ्या दिवशी दोधू मांडवात पुढे बसला होता, चेहरा सुजलेला. त्याची पाळी येण्याआधीच मयूरीबरोबर आलेला भूपेंद्र उठला. "महाराज, पहिले मन्ही बायकोनं नाव लेवानं शे. ती येऊ शकत नही."

रोज शेकडो रोगी बघणाऱ्या बाबाने त्याला ओळखलं नाही. "हरकत नाही. नाव पोचतं."

"शीला!"

पट्टे गळ्याला भिडले. बाबाने डोळे मिटले. "व्याधी खाली उतरली. शंभर वर्षं जगेल. औषध बंद, मशीन बंद."

"तिले मी अग्नी दिधा शे, महाराज," भूपेंद्र म्हणाला. "आठेच, ह्याच काठवर."

मांडव चिडीचूप झाला. पट्टे पोटाशी जाऊन विझले. धुडकूआबाला खोकला आवरेना, तो खोकला, आणि पट्टे टुणकन वर उडाले. मागून कुणीतरी फिसकन हसलं. मयूरीने जोरात टाळी वाजवली. पुन्हा वर.

"आत्म्याला शांती मिळाली, त्याचा उजेड आहे," बाबा ओरडला. त्याच्या ओरडण्यावरही पट्टे नाचले.

"मंग आते म्हैसनं नाव लेऊ का?" भूपेंद्रने विचारलं.

बाबाचा हात कफनीत कमरेकडे गेला. भूपेंद्रने तो हात धरला आणि कफनी वर केली. आत काळा टी-शर्ट होता. छातीवर चिकटवलेली पातळ पट्टी, तिच्यातून निघालेली वायर, वायरीच्या टोकाला काडेपेटीएवढी डबी.

"पार्टीमा घालाना शर्ट शे हाऊ," मयूरी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "आमना गॅदरिंगमा एक पोऱ्यानी घाला व्हता. डीजे वाजना का पट्टा चढतस. डबीमा सेल शे, माईक शे, बंद कराले बटन शे. त्याले देव समजत नही, रोग समजत नही. आवाज तेवढा समजस."

म्हणजे तो उजेड बाबाचाही नव्हता आणि देवाचाही नव्हता. तो भूपेंद्रच्या घशाचा होता. त्याने जितक्या जिवाने हाक मारली, तितकी शीलाची खात्री पटली होती.

रंजनाबाई तोंडाला पदर लावून बसून राहिली. दोधूच सुजलेलं जड अंग सावरत उठला. "माय, गाडी बोलाव. मशीनवर जानं शे." त्याच संध्याकाळी तो मशीनवर होता.

लोकांनी बाबाच्या अंगावरून शर्ट ओढून घेतला, पण त्या गडबडीत तो जीपमधून गुजरातकडे निसटला. तक्रार नोंदवली आहे. शर्ट पोलिसांकडे आहे, पण असा शर्ट कुणालाही घरबसल्या मागवता येतो. तेव्हा कुणाच्या अंगावर काही उजळलं तर आधी सगळ्यांनी गप्प बसून बघा, मग ताट वाजवून बघा. आणि काहीही दिसलं तरी डॉक्टरला विचारल्याशिवाय गोळी, सुई, मशीन बंद करू नका.

फुलवंताबाई मशीनवरच्या तिच्या पाळीला आलेली नाही. शीलाच्या फोनमध्ये तिचा नंबर आहे, तो लागत नाही. तिच्या पाड्याचं नाव दवाखान्यातही कुणाला माहीत नाही. भूपेंद्र दोनदा पायथ्याच्या पाड्यांवर विचारून आला. ती अजून सापडलेली नाही.