हात कुठं जातात

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं, हाताची घडी घालून नागुबाई खुर्चीवरून उठल्या. गुडघे कुरकुरले, पण घडी सुटली नाही. उभं राहून त्यांनी दाराशी टेकलेल्या मुलाकडं पाहिलं.

“बघितलंस का?”

महालिंगानं डॉक्टरीणबाईंकडं पाहिलं. जिंतूरच्या दवाखान्यात तो आईला हट्टानं घेऊन आला होता. चारठाण्याच्या बारवेत रोज सकाळी उतरून नागुबाई पूजेचं पाणी आणत. पायऱ्या उंच, त्यात शेवाळलेल्या. घरात नळ आला तरी नळाचं पाणी त्यांनी लिंगावर कधी घातलं नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी धोका सांगितला तर बारव बंद, असं त्यानं एसटीतच बजावलं होतं. न्हाई सांगितला तर पुन्हा हा विषय काढायचा न्हाई, असं नागुबाईंनीही कबूल करून घेतलं होतं.

डॉक्टरीणबाईंनी त्यांना भिंतीला पाठ लावून उभं केलं.

“आजी, उंची पूर्वीपेक्षा कमी झालीय का?”

“मला काय ठावं? लुगडं तेवढं खाली लोळायलंय. मला वाटलं, आजकाल पन्हाच मोठा काढायलेत.”

“मनगट कधी मोडलं होतं?”

“आमच्या घरात हात कुनाचाच मोडला न्हाई.”

“आणि खुबा?”

नागुबाईंनी पदर सारखा केला. उत्तर महालिंगानं दिलं.

“हिच्या मायचा मोडला व्हता. मावशीचा बी. दोघी अंथरुणातून उठल्याच न्हाईत.”

“तुला कुनी इचारलं?”

डॉक्टरीणबाईंनी दारापर्यंत चालून दाखवायला सांगितलं. नागुबाई तरातरा निघाल्या. उंबऱ्यापाशी लुगड्याचा काठ पायाखाली आला आणि तोल गेला. महालिंगानं खांद्याला धरून सावरलं.

डॉक्टरीणबाई खुर्ची सोडून उठल्या होत्या. त्यांचं लक्ष नागुबाईंच्या पायांकडं नव्हतं. दोन्ही हात छातीवर घट्ट होते, गळ्यातल्या इष्टलिंगाच्या चांदीच्या डबीवर.

“पडताना हात असेच जातात?”

“मग कुठं जातील? लिंग भुईला लागलं तर?”

“तुमची आई, बहीण पडल्या तेव्हा?”

आई अंगणात पडली होती, बहीण गोठ्यात. दोघींना उचलताना छातीवरचे हात सोडवता सोडवत नव्हते. बायकांनी त्यांचे पाय धरले होते. स्वतः पडली, पण देव पडू दिला न्हाई. ही गोष्ट नागुबाईंनी भावकीत आलेल्या प्रत्येक सुनेला सांगितली होती.

“तसेच व्हते,” त्या हळू म्हणाल्या.

“तुमची हाडं पातळ झालीत, आजी. वय, आई, बहीण, घटलेली उंची, सगळं धोक्याकडं बोट दाखवतंय. त्यात हात पुढं येत नाहीत, म्हणून सगळा भार खुब्यावर जातो. हात पुढं आला तर फार तर मनगट मोडेल. मनगटानं माणूस खाटेला खिळत नाही.” मग त्या महालिंगाकडं वळल्या. “घरात बसवून ठेवू नका यांना. चालणं सुटलं की हाडं आणखी खंगतात.”

एसटीत महालिंग म्हणाला, “झालं. बारव बंद.”

नागुबाई खिडकीबाहेर बघत होत्या. गावच्या फाट्यावर उतरल्यावर त्यांनी विचारलं, “हात पुढं आले तर?”

“ह्या वयात?”

“आले तर?”

“तर बघू.”

“बघू न्हाई. जायाचं.”

माजघरात वेचणीचा कापूस छातीएवढा साठला होता. नागुबाईंनी डबी फडक्यात गुंडाळून छातीशी आवळून बांधली आणि कापसावर स्वतःला सोडून दिलं. हात डबीवर गेले. उठल्या, पुन्हा पडल्या. हात डबीवरच.

“आत्याबाई, लोक काय म्हनतील?” सून उमादेवी दारातून म्हणाली.

“म्हनतील, म्हातारी कापूस पिंजायली.”

लोकांना कळायला वेळ लागला नाही. शेजारची चतुराबाई बघून गेली. “देव सोडून जीव धरायलीस व्हय, नागू?”

“देव बांधलाय. जीवच मोकळा हाय,” केसांतला कापूस काढत नागुबाई म्हणाल्या. पण चतुराबाई गेल्यावर त्यांनी डबीला हात लावून डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

मग पुन्हा पडल्या. रोज दुपारी, घरातली कामं उरकली की. बगलेत काळंनिळं झालं, ते त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

एका दुपारी महालिंग रानातून लवकर आला. नागुबाई पाठमोऱ्या उभ्या होत्या. त्या कलल्या, आणि दोन्ही तळवे मनगटापर्यंत कापसात रुतले. तशाच त्या क्षणभर राहिल्या, आपल्याच हातांकडं बघत.

महालिंगानं खांद्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं.

“जा,” तो म्हणाला. “पर एकटी न्हाई. ही येईल संगं.”

नागुबाई उठल्या. त्यांनी दारात उभ्या सुनेकडं नीट पाहिलं. तिच्याही गळ्यात लिंगाचा दोरा होता.

“मग आधी तिनं पडावं.”

“मी? मला काय धाड भरलीय?” उमादेवी हसली. तरी तिनं पदर खोचला आणि हसत हसतच कापसावर अंग टाकलं.

हसू मधेच थांबलं. तिचे दोन्ही हात छातीवर होते.

“ऊठ,” नागुबाई म्हणाल्या. “पुन्हा.”