बुधवारी आठपर्यंत
“लोरेन, आता ती तुझी वही उघड आणि आमच्या ब्रिनचं काय करायचं ते सांग,” रॉक्सॅनने आपली घडीची खुर्ची त्याच्या खुर्चीला आणून भिडवली. “माझं तर डोकंच चालेनासं झालंय.”

लोरेन ह्रुस्काला एवढंच हवं होतं. सेंट लुईस आणि भोवतालच्या उपनगरांतले मुलींचे अकरा सॉकर क्लब त्याने त्या वहीत आखून ठेवले होते. घरापासून किती मिनिटं, एका कोचच्या वाट्याला किती मुली, कॉलेजच्या संघांत किती जणी गेल्या, राखीव मुलींना सामन्यात किती वेळ खेळायला मिळतं. हा वेळ त्याने स्वतः कडेला उभं राहून, स्टॉपवॉच लावून मोजला होता. काउंटीच्या कर-कचेरीत बावीस वर्षं तो दुसरं काय करत होता? शेजारची तीन घरं मांडायची आणि त्यावरून चौथ्याची किंमत ठरवायची. कचेरीत त्याला कुत्रं विचारत नसे. पण दर जूनमध्ये सगळे क्लब जुन्या-नव्या सगळ्या मुलींची नव्याने निवड करत, आणि त्या एका आठवड्यात मैदानाच्या कडेला लोरेनचा भाव वधारे.

“ब्रिन बचावात खेळते ना? मग ड्रीना क्लब,” तो म्हणाला. “मैदानाला धड गवत नाही, दिवे नाहीत. पण बचाव शिकावा तर तिथल्या कोचकडे, सेनादकडेच. उद्या चाचणी आहे त्याची, घेऊन जा.”

“आणि तुझी मॅरेन तीन वर्षं तिथे आहे, तिला इथे आयर्नवुडला आणलंस होय?”

“तिची पायरी आता वर गेलीय.”

समोर सहा मैदानं होती. आयर्नवुडचे कोच मध्येच एखादीच्या खांद्यावर हात ठेवत आणि तिला दुसऱ्या मैदानावर पाठवत. पहिलं मैदान म्हणजे पहिला संघ, हे कोणी सांगत नसे, पण आईबापांना पाठ होतं. मॅरेन चौथ्यावर होती. सव्वासातला तिच्या खांद्यावर हात पडला आणि ती थेट पहिल्यावर गेली. लोरेनने वही मिटली. बावीस वर्षांत कुठल्याही घरासमोर उभं राहून तो इतका सुखावला नव्हता.

मंगळवारी मॅरेन ड्रीनाच्या चाचणीलाही जाऊन आली. संध्याकाळी सेनादचा फोन आला. बोस्नियातल्या लढाईनंतर इथे आलेला हा माणूस दिवसभर लोकांच्या घरांत फरशा बसवायचा आणि संध्याकाळी मुलींना शिकवायचा.

“मॅरेनची जागा आहे,” तो म्हणाला. “उद्या रात्री आठपर्यंत हो म्हण. सोळाच घेतोय यंदा, सतरावी दारात उभी आहे.”

“आयर्नवुडचा निकाल गुरुवारी आहे रे. एक दिवस थांब ना.”

“एकासाठी थांबलो तर सगळ्यांसाठी थांबावं लागेल, लोरेन. तुझा गुरुवार असेल, माझा बुधवार आहे.”

बुधवारी आयर्नवुडची दुसरी फेरी संपवून बापलेक घरी निघाले, तेव्हा पावणेआठ झाले होते. मॅरेन बारा वर्षांची. तिने बूट काढून मांडीवर घेतले होते.

“डॅड, सेनादला हो म्हणून टाक ना.”

“पहिल्या मैदानावर खेळलीस तू परवा! आता माघार घ्यायची?”

“आज चौथ्यावरच होते. मला ड्रीनात अम्राच्या शेजारीच खेळायचंय, आजवर खेळले तशी.”

“अम्रा काय कुठे पळून चाललीय? अगं, मी सगळं ताडून बघितलंय. वहीत—”

“तुझ्या वहीत अम्रा कुठे आहे?”

“उद्या तूच म्हणशील, डॅडचं बरोबर होतं,” असं काहीतरी तो पुटपुटला. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा आठला चार मिनिटं होती. फोन हाताशी होता. सिग्नल हिरवा झाला आणि त्याने गाडी पुढे काढली.

गुरुवारी दुपारी आयर्नवुडची मेल आली. मॅरेनला कुठल्याच संघात जागा नव्हती. हवं तर सरावाला यावं, सामन्यांना नाही. लोरेनने तिथल्या कोचला फोन लावला. “पण सोमवारी तुम्ही तिला पहिल्या मैदानावर नेलं होतं!”

“सोमवारी? हां,” कोच आठवत म्हणाला. “आमच्या एका मुलीचा पाय मुरगळला होता. अकरावी मुलगी कमी पडत होती.”

मग लोरेनने सेनादला फोन केला.

“आठ वाजून वीस मिनिटांपर्यंत थांबलो होतो मी,” सेनाद म्हणाला. “मग सतरावीला फोन केला. ब्रिन. तिची आई सांगत होती, तूच पाठवलंस. पोरगी खरंच चांगली आहे. तुझी पारख चुकत नाही.”

तो टोमणा नव्हता, म्हणूनच तो लोरेनच्या जिव्हारी लागला.

“मॅरेननं काल तोंडाने सांगितलं होतं तुला,” त्याची बायको डेनीस एवढंच म्हणाली आणि भांडी धुवायला वळली. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. तीन दिवस त्याने उरलेल्या क्लबांना फोन केले. एका ठिकाणी जागा निघाली, तासाभराच्या अंतरावर. मॅरेनने मान हलवली. “नको डॅड. आता कुठलाच नको.” ती रडली असती तर त्याला बरं वाटलं असतं.

सप्टेंबरमध्ये ड्रीनाचा पहिला सामना होता. मॅरेनने घडीची खुर्ची मागितली. “अम्राला बघायचंय,” ती म्हणाली.

ती बाहेरच्या रेषेजवळ जाऊन बसली. लोरेन मागे कुंपणाशी उभा राहिला. रॉक्सॅनने दुरून हात केला आणि लगेच खाली घेतला. कुठल्याशा मुलीच्या बापाने त्याला गाठून विचारलं, “वहीवाले तुम्हीच ना? दहा वर्षांच्या पोरीसाठी कुठला क्लब चांगला हो?”

“पोरीलाच विचारा,” लोरेन म्हणाला. तो माणूस हसला आणि अजून काही ऐकायला मिळेल म्हणून थांबून राहिला.

तेवढ्यात अम्राने मारलेला चेंडू ब्रिनच्या अंगाला लागून बाहेर आला, सरळ खुर्चीकडे. मॅरेन उठली. तिने पाय नुसता पुढे केला आणि चेंडू तिच्या बुटाशी येऊन गप्प बसला. पलीकडे अम्राचा हात नकळत वर गेला, चेंडू मागायला, तीन वर्षं जायचा तसा. मॅरेनने तिच्याकडे पाहिलं. मग ती वाकली, चेंडू दोन्ही हातांनी उचलला, ज्या मुलीला तो आत फेकायचा होता तिच्या हातात दिला, आणि रेषेच्या अलीकडे दोन पावलं मागे सरून खुर्चीत बसली.