मार्चमधले भूर्ज

एग्बर्ट लुबर्स कमरेपर्यंत दलदलीत रुतला त्या क्षणी मी त्याच्यापासून सहा मीटरवर होतो, आणि पुढचा तासभर मी सहा मीटरवरच राहिलो. हे अंतर मी नंतर फितीने मोजले. मोजमाप हा माझ्या व्यवसायाला जडलेला रोग आहे; ज्याचा उपयोग उरलेला नाही तेसुद्धा आम्ही दशांश चिन्हाच्या पुढपर्यंत मोजतो.

मी परागकणांचा अभ्यासक. द्रेंथे प्रांतातल्या या दलदलीत आठ हजार वर्षांपूर्वी कोणती झाडे उभी होती, हे मी सूक्ष्मदर्शकाखालच्या धुळीवरून सांगू शकतो. त्याबद्दल मला एक पदवी, विद्यापीठात एक खुर्ची आणि निवृत्तीनंतर तीन समित्यांचे सदस्यत्व मिळाले. एग्बर्ट सायकली दुरुस्त करायचा. त्याच्या आजोबांनी याच दलदलीतले पीट, म्हणजे भिजल्या स्पंजासारखा तो काळा थर, विटांसारखे कापून आणि वाळवून शहरांच्या चुलींना पुरवले होते. अकरा वर्षे आम्ही दर रविवारी सकाळी बरोबर निघत असू. खडी, वाळू, मुळ्या आणि चिखल यांवरून जाणाऱ्या जाड, खाचदार टायरांच्या आमच्या दोन्ही सायकली त्यानेच स्वतःच्या हाताने जुळवल्या होत्या.

मार्चचा मधला रविवार होता. हीदरच्या झुडपांचा माळ अजून तपकिरी होता आणि वारा जर्मनीकडून सरळ तोंडावर येत होता.

“डॉक्टर, मेंढ्या पुढे गेल्या बघ,” तो मागे वळून ओरडला. “त्यातली एक तर गाभण आहे!”

“मी निरीक्षण करतोय.”

“कर, कर. साधी सर्दी बरी करता येत नाही असले डॉक्टर निरीक्षणच करणार.”

पाइनचे जंगल संपले की कालव्यापाशी वाट फुटते. खडीची वाट दलदलीला वळसा घालून नऊ किलोमीटर जाते. दुसरा मार्ग पीट कापणाऱ्यांच्या जुन्या बांधावरून, जेमतेम दोन किलोमीटरांचा. बाराला यांटीन, त्याची बायको, वाटाण्याचे सूप वाढणार होती, आणि उशीर तिला खपत नसे.

“बांधावरून जाऊ,” एग्बर्ट म्हणाला.

“तिकडं पाण्याची पातळी वाढवलीये.”

“दलदलीत वाढवलीये, बांधावर नाही. ते भूर्ज दिसतात ना तुला? उभे आहेत ना? मग झालं तर.”

पीट कापणाऱ्यांच्या घरात हे पोराला बोलता येण्याआधी शिकवतात. भूर्जाला पाण्यात मूळ ठेवून जगता येत नाही. तेव्हा जिथे भूर्जांची रांग, तिथे पाऊल टाकावे. नियम बरोबर होता. दोनशे वर्षे तो खरा ठरला, कारण दोनशे वर्षे इथले पाणी फक्त उतरत गेले. दीड वर्षापूर्वी, दलदल पुन्हा जिवंत व्हावी म्हणून, आम्ही ते वर चढवले. ‘आम्ही’ हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो.

मुळे बुडालेला भूर्ज एका उन्हाळ्यात मरतो, पण पुढची कित्येक वर्षे उभाच असतो. आणि मार्चमध्ये, पालवी फुटण्याआधी, जिवंत भूर्ज आणि मेलेला भूर्ज दुरून सारखेच दिसतात. पांढरे खोड, जांभळट काड्या. उन्हाळ्यात पक्ष्यांच्या विणीसाठी बांध बंद असतो, त्यामुळे पानांवाचून सुकलेली ती रांग आम्हा दोघांच्याही नजरेला पडलेली नव्हती. एखादी काडी वाकवून पाहिली असती तर कळले असते. तो सूप आठवत पुढे गेला आणि मी त्याच्या मागच्या चाकाकडे पाहत गेलो.

बांध कोसळला नाही. कोसळण्यात निदान आवाज असतो. तो फक्त खाली बसला. एग्बर्टचे पुढचे चाक शेवाळात गेले, सायकल वाचवायला तो बाजूला उतरला, आणि उतरतच राहिला.

“अरे देवा,” तो कमरेपर्यंत जाऊन थांबल्यावर म्हणाला, बऱ्यापैकी शांतपणे. “पाय सापडत नाहीत रे माझे.”

मी फोन लावला. पलीकडची बाई अत्यंत सभ्य होती. तिने जवळच्या रस्त्याचे नाव विचारले. मी म्हणालो, रस्ता नाही. तिने मग पत्ता विचारला. शेवटी फोननेच तिला आमची जागा दाखवली. गाडी कालव्यापर्यंत येईल, पुढे माणसे फळ्या घेऊन चालत येतील, तुम्ही जवळ जाऊ नका, त्यांना बोलते ठेवा, असे तिने सांगितले.

मी जवळ गेलो. सायकल आडवी टाकून तिच्यावर पालथा पडून पुढे सरकलो. हातभर गेल्यावर कोपर शेवाळातून आरपार उतरले आणि छातीखाली पाणी आले.

“मागे हो!” तो ओरडला. “दोघंही रुतलो तर सूप कोण पिणार? आणि ती सायकल उचल आधी, चेन नवी आहे!”

मी मागे सरलो. त्याने सांगितले म्हणून, असे मी लोकांना सांगतो.

माझे जाकीट त्याच्याकडे फेकले. ते त्याने खांद्यांवर ओढले. माझ्या पिशवीतल्या दोन्ही जादा ट्यूब कापून, एकमेकींना बांधून दोर केला. तो दीड मीटर कमी पडला. दोनदा फेकल्यावर एग्बर्ट हसायला लागला. “राहू दे, डॉक्टर. गळ टाकतोयस असं वाटतंय.” त्याचे दात वाजत होते.

मग माझा फोन वाजला. यांटीन होती.

“पंक्चर म्हण,” तो म्हणाला. “पंक्चर म्हण तिला.”

“पंक्चर झालंय,” मी म्हणालो.

“कुणाची सायकल? तुमचीच असणार!” ती हसली. “त्यांना म्हणावं, पंप तुमच्या हातात देऊ नका, गेल्या वेळी झडप मोडलीत. सूप मंद आचेवर ठेवते. एकपर्यंत थांबेन, मग मी जेवणार बाई.”

मी बरे म्हणालो. खोटे बोलण्याचे कसब माझ्या अंगी आहे, हे मला त्या दिवसापूर्वी माहीत नव्हते. निदान इतक्या थोडक्यात.

अर्ध्या तासाने त्याचे दात वाजायचे थांबले. त्याला ते बरे लक्षण वाटले. मी यावर वाचलेले होते. थंडीने मरणाऱ्या शरीराची कुडकुड केव्हा थांबते, का थांबते, त्यानंतर किती वेळ उरतो, याचे तक्तेही मला पाठ होते. वाचलेले सगळे बरोबर होते, आणि त्यातले एकही अक्षर सहा मीटर ओलांडून पलीकडे जात नव्हते.

त्याने आधारासाठी जवळच्या भूर्जाची फांदी धरली. ती कोरड्या बिस्किटासारखी तुटून त्याच्या हातात आली. तो बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिला.

“मेलेलं आहे हे,” तो म्हणाला. मग रांगेवरून नजर फिरवून, “सगळीच?”

“हो.”

“तुला ठाऊक होतं?”

“झाडं मेली असतील हे लक्षात नाही आलं. बांध मऊ होणार, एवढं ठाऊक होतं. समितीत बोललो होतो मी. धोक्याचा फलक लावा म्हणालो.”

हे खरे होते. इतिवृत्तात लिहिलेले आहे: सदस्यांच्या सूचनेची नोंद घेतली, विणीच्या हंगामात खांब रोवल्यास पक्ष्यांना उपद्रव होईल, सबब हंगामानंतर विचार करावा. हंगामानंतरच्या बैठकीत फलकाच्या रंगावर एकमत झाले नाही. दोन्ही इतिवृत्तांवर माझी सही आहे. माझी सही सुवाच्य असते.

“समितीत,” एग्बर्ट म्हणाला. जीभ जड झाली होती. प्रत्येक शब्द तो उचलून ठेवल्यासारखा बोलत होता. “आणि माझ्याशी? दर रविवारी चार चार तास बोलतोस तू माझ्याशी. मेंढीच्या लेंडीत कुठले परागकण सापडतात ते ऐकलंय मी. दोनदा ऐकलंय. आणि हे तेवढं समितीत?”

मी उत्तर शोधत होतो. अशा वेळी माझ्यासारखा माणूस खरोखरच शोधतो. त्याला वाटते, नेमका शब्द सापडला की परिस्थिती त्याला मान देईल.

“आज तर म्हणालो ना,” मी म्हणालो. “पाणी वाढवलंय म्हणून.”

“म्हणालास,” तो म्हणाला. “आणि मागे आलास.”

त्यानंतर तो माझ्याशी बोलला नाही. मी बोलत राहिलो; बोलते ठेवा असे मला सांगितले होते. मी आठ हजार वर्षांतली झाडे क्रमाने सांगितली: भूर्ज, पाइन, हेझल, ओक. त्याने मान कलती केली आणि डोळे अर्धे मिटले. मला ऐकू येत होता तो माझाच आवाज, व्याख्यानाचा, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा.

सहा माणसे फळ्या घेऊन आली, बरोबर वनरक्षक सीत्स्के. त्यांनी एक क्षणही वाया घालवला नाही, हे मी कुणी न विचारता सांगतो. फळ्या अंथरल्या, नळीने पायांभोवती पाणी सोडून पीट सैल केले. त्यांचा प्रमुख माझ्याकडे आला आणि एका दोराचे टोक त्याने माझ्या हातात दिले.

“हे धरा. ओढायचं नाही. फक्त घट्ट धरून ठेवायचं. जमेल?”

“जमेल,” मी म्हणालो. “त्याला आडवा काढा. हळू काढा. उभा काढलात तर हृदय—”

“ठाऊक आहे आम्हाला, साहेब. तुम्ही दोर सांभाळा.”

त्यांनी त्याला आडवाच काढला, हळूच काढला, बाळाला पाण्यातून उचलतात तसा. घसरगाडीवर घालून माझ्या अगदी जवळून नेला. डोळे उघडे होते. त्याने माझ्याकडे पाहिले की माझ्या मागच्या झाडांकडे, हे मला ठरवता आलेले नाही. कालव्यापाशी पोचण्याआधी त्याचे हृदय थांबले. ते त्यांनी दोनदा सुरू केले. तिसऱ्यांदा झाले नाही.

हे मला सीत्स्केने परत येऊन सांगितले. बांधावर तोवर मीच उरलो होतो. दोर दोन्ही हातांनी छातीशी धरलेला होता, बोटे उघडत नव्हती.

“डॉक्टर, सोडा आता,” ती म्हणाली, आणि एकेक बोट उलगडू लागली.

मी तेव्हा पहिल्यांदा दोराच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिले. ते दहा पावलांवर गवतात पडले होते. कशालाही बांधलेले नव्हते. हतबल माणसाच्या हाताला काहीतरी द्यावे, म्हणजे तो मध्ये येत नाही, हे त्यांना प्रशिक्षणात शिकवतात. पद्धत उत्तम आहे. मी मध्ये आलो नाही.