खंड्याची वाकडी ओळ

वांग्याची रोपं लावून धुडकूनं पाठ सरळ केली, मागे वळून पाहिलं, तर खंड्यानं पाच रोपं उपटून ठेवलेली. मातीनं बरबटलेलं तोंड वर करून ते कुत्र्याचं पिलू शेपूट हलवत होतं.

"पांडुरंग, पांडुरंग!" धुडकू दात खाऊन म्हणाला. रागाच्या भरात तोंडी नाम असावं, असं उधन्याच्या देवळातल्या कीर्तनात बुवा सांगत. महापूर ओसरल्यापासून धुडकूनं जेवढं नाम घेतलं, तेवढं मागच्या अख्ख्या चातुर्मासात घेतलं नव्हतं.

"नाम ली राहिनात का शिव्या दी राहिनात?" बांधावरून सरलाबाईनं विचारलं.

चलथाणजवळचं हे शेत गुजराती शेठ मगनभाईचं. मेहनत धुडकूची, पीक अर्धं अर्धं. पुरानं उभं पीक नेलं आणि वर हातभर गाळ टाकला. विटांसाठी तो गाळ मागायला वीटवाले लगेच मगनभाईच्या दारात. "दिवाळी झाली की लाभपाचमला येईन," मगनभाईनं बजावलं होतं, "शेत हिरवं दिसलं तर तुझं, नाही तर वीटवाल्याचं." कापड विणायच्या लूमवरचं काम सोडून धुडकू इथे आला होता. हे शेत गेलं, की पुन्हा तो खडखडाट.

आणि खंड्याला तर मारताही येत नव्हतं. पाणी चढलं त्या दिवशी नवरा-बायको झोपडीच्या छपरावर बसली होती. वाहून आलेलं हे पिलू सरलाबाईनं पदरात ओढून घेतलं आणि धुडकूनं तिथेच हात जोडले, "खंडेराया, आम्हाला तार. तुझं वाहन समजून या पिलाला कधी बांधणार नाही, कधी हात लावणार नाही." पाणी उतरलं, नवस राहिला. नावही देवाचंच पडल्यामुळे शिवी देताना जीभ चावावी लागे.

"हात लावसू नही आसं बोलेल शे," धुडकू पुटपुटला. "पाय लावानं मी काहीच बोलनू नही."

"देव काय वकील शे का? त्याले समदं समजस!" सरलाबाई कडाडली. "नवस बोलाले तोंड शे, रोपं वाचाडाले अक्कल नही."

धुडकू कपाळाला हात लावून बांधावर बसला. मारायचं नाही, बांधायचं नाही. मग उरलं काय? नुसतं बघायचं. आणि बघता बघता त्याच्या ध्यानात आलं, की खंड्या दोन रोपं सोडून तिसरंच उकरतो. गाळात नाक खुपसतो, माती उडवतो आणि आतून काहीतरी ओढून मटकावतो.

"सरले, हाई मासोळी शे!"

खाडीतून आलेली मासळी गाळाखाली सडत पडली होती. वरून माती वाळली, नाकाला पत्ता नाही. खंड्याला मात्र सगळा पत्ता.

"मंग काढा ना ती!"

धुडकूनं गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. माळकरी माणूस, मासोळीला हात कसा लावणार? सरलाबाईच्याही गळ्यात माळ. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मग खंड्याकडे.

त्या दिवसापासून रीत उलटी झाली. आधी खंड्या उकरी, पोटभर खाई आणि पुढे जाई. मग त्याच खड्ड्यात धुडकू रोप लावी. खाऊन झालेल्या जागेकडे खंड्या ढुंकून पाहीना. पण त्याच्या नाकाला ओळ कुठली? रोपं चालली नागमोडी. धुडकूचं डोकं पुन्हा फिरलं, पुन्हा नाम सुरू झालं.

लाभपाचमेला मगनभाई आला. बांधावर उभा राहून त्यानं डोळे बारीक केले.

"धुडकूभाई, आ शुं? लाइन केम वांकी?"

"कूतराए पाडी छे, शेठ," धुडकूनं मान खाली घालून सांगितलं.

मगनभाई वाकला. एक रोप हलवून पाहिलं. घट्ट होतं, पानं काळपट हिरवी. खंड्या त्याच्या चपलेचा वास घेऊ लागला.

"वांकी तो वांकी. लागी गई ने?" मगनभाई म्हणाला. "वीटवाळाने ना कही दउं छुं."

शेत राहिलं! वीटवाल्याला नकार द्यायला मगनभाई वळताच धुडकू बांधावर टेकला.

"बसनात काय?" सरलाबाई घागर त्याच्यापुढे आदळत म्हणाली. "रोपंसले पानी कोन दी, खंडेराव?"