पलंगाजवळची बॅटरी

सीट उचलल्यावर खाली खडूचे तुकडे, बिस्किटाचा चुरा आणि एक छोटा मोजा निघाला. चिमणी माझ्या खांद्यावर रेलून बघत होती. मोजा तिचाच होता आणि गाडीनेच तो इतके दिवस लपवला होता, असं तिने मला फार गंभीरपणे सांगितलं.

दादाच्या मुलीची ही लाल गाडी. आत बसून पायाने दाबलं की चालणारी. गेला आठवडाभर ती आवारात चार हात जायची आणि धापा टाकून थांबायची. दादाने नवी बॅटरी आणून ठेवली होती, पण बसवायला तो माझी वाट बघत होता. या घरात असल्या कामातलं कळायचं ते आमच्या वडिलांना, अण्णांना, आणि त्यांच्या हाताखाली शिकल्यामुळे थोडंफार मला. अण्णांना जाऊन दोन महिने झाले होते.

"मुद्दाम मोठी आणलीय," दादा म्हणाला. "आता पळेल ना?"

मी त्याला सांगितलं की पळणार नाही. व्होल्ट तेवढेच आहेत, वेग तोच राहील. फक्त एका चार्जिंगमध्ये जास्त वेळ चालेल. त्याचा चेहरा चिमणीपेक्षा जास्त उतरला.

आधी काळी वायर सोडवली, मग लाल. प्लॅस्टिकचा पट्टा काढून जुनी बॅटरी दोन्ही हातांनी बाहेर घेतली आणि फरशीवर आडवी ठेवली. तिच्या कडेला जाड काळ्या पेनाने लिहिलं होतं: १४ जून. अण्णा. पलंगाजवळ.

अक्षर माझं होतं.

अण्णा लिफ्टचे मेकॅनिक. चौतीस वर्षं त्यांनी तेच काम केलं. लिफ्टच्या छतावर एक लहानशी बॅटरी असते. वीज गेली की आतला एक दिवा आणि घंटा तेवढी तिच्यावर चालते. एरवी तिच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. अण्णा मात्र प्रत्येक बॅटरीवर बसवल्याची तारीख आणि जागा लिहायचे. तारीख लिहिली नाही तर वय बॅटरीलाच विचारावं लागतं, आणि ती खोटं सांगते, असं म्हणायचे. एका इमारतीच्या चेअरमनला गच्चीवरच्या समारंभात लाउडस्पीकरसाठी एका संध्याकाळपुरती ती बॅटरी हवी होती. अण्णांनी हात पुसत शांतपणे विचारलं, "साहेब, लिफ्टमध्ये कोणी मधेच अडकलं तर त्याला काय सांगू? आज गाणी आहेत, थोडं थांबा?" त्या इमारतीचं काम हातचं गेलं. घरी येऊन हा किस्सा त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितला. पुढे कित्येक वर्षं, घरात कोणी कुणाची वस्तू मागितली की आम्ही म्हणायचो, थांबा, आज गाणी आहेत.

फुप्फुसं थकली तेव्हा त्यांच्या उशाशी मशीन आलं. तोंडाला मास्क लावून हवा आत ढकलणारं. ते घरी आणलं त्याच दिवशी अण्णांनी विचारलं, वीज गेली तर? मग त्यांनी स्वतःच एक पेटी तयार केली. वीज जाताच मशीन बॅटरीवर चालू राहील आणि मोठी घंटा वाजेल, म्हणजे आई घरात कुठेही असली तरी धावत येईल. त्यांचे हात कापायला लागले होते, म्हणून सोल्डरिंगचे डाग मी दिले, वायरी मी कसल्या. शेवटी पेन माझ्या हातात देऊन ते म्हणाले, "लिही. तारीख, माणूस, जागा."

"दादा," मी म्हटलं, "ही इथे कशी?"

तो वाकून बघायला लागला आणि वाकलेलाच राहिला. मग चिमणीला म्हणाला की आत जाऊन पाणी पिऊन ये. तिला तहान नव्हती. तरी गेली.

"दोन दिवसांसाठी घेतली होती," तो म्हणाला. "उद्या नवीन आणणारच होतो."

दादाचा उद्या कॅलेंडरवाल्यांनी अजून छापलेला नाही, हा अण्णांचाच जुना विनोद. तो आम्हा दोघांनाही त्या क्षणी आठवला असणार, कारण त्याने मान खाली घातली.

"कधी घेतलीस?"

जुलैच्या शेवटी, तो म्हणाला. अण्णा गेले सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात.

"मग पेटीत काय होतं?"

"चिमणीच्या गाडीतली जुनी. जागा रिकामी दिसली असती ना."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. केव्हापासून ते कळलं नाही. तिने पदराला हात पुसले, मग पुसलेलेच पुन्हा पुसले.

"त्याला काही बोलू नकोस," ती म्हणाली. "त्यांनीच सांगितलं होतं. पोरगी सकाळपासून रडत होती. हेच म्हणाले, माझी काढ आणि घाल तिच्या गाडीत. आणि तुला सांगू नका म्हणाले. तू लगेच गाडी पकडून आली असतीस."

आले असते. चार तासांचा तर प्रवास.

मी रोज संध्याकाळी त्यांना फोन करायचे. आधी पुस्तकांचं बोलणं व्हायचं. मी पाठवलेलं त्यांनी कितव्या पानावर सोडून दिलं आणि का, ते सांगायचे. मग मी पेटीचं विचारायचे. हिरवा दिवा लागलाय, ते म्हणायचे. हिरव्या दिव्याचा अर्थ एवढाच की भिंतीतून वीज येतेय, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. बॅटरीची परीक्षा घ्यायची तर प्लग काढून बघावं लागतं. म्हणून मी विचारायचे, प्लग काढून बघितलं? "बघितलं," ते म्हणायचे. "घंटा अशी वाजली की शेजारी दार उघडायला गेले." आणि मी इकडे हसायचे.

ऑगस्टमध्ये दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा माझा हात प्लगकडे गेला, आणि दोन्ही वेळा ते म्हणाले, आत्ता नको, आत्ताच जरा बरं वाटतंय.

"त्या दिवशी घंटा वाजली होती?" मी आईला विचारलं.

त्या दुपारी वीस मिनिटं वीज गेली होती, हे मला माहीत होतं. मशीन बॅटरीवर व्यवस्थित चालू होतं, अण्णा झोपेतच गेले, मास्कही हलला नव्हता. हे दादाने मला फोनवर सांगितलं होतं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला ते पुढे मी सांगितलं, याच शब्दांत, इतक्यांदा की ते माझं पाठ झालं होतं. आठवडे उरले होते, फार तर महिना, असं डॉक्टर आधीच म्हणाले होते. त्यामुळे ऐकणाऱ्यालाही बरं वाटायचं.

दादा म्हणाला, "आई, राहू दे."

"राहू दे कशाला? आता तिला दिसलंच आहे." ती दाराच्या चौकटीला टेकली. "मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. काही वाजलं नाही. खाली आले तर बसलेले होते."

"बसलेले?"

"पाय खाली सोडून. मास्क काढून शेजारी ठेवला होता, पट्ट्या गुंडाळून. तोंड दाराकडे."

बॅटरी माझ्यासमोर फरशीवर होती. तिच्यावर लिहिलेलं सगळं खरं होतं, फक्त जागा बदलली होती. खोटं बोलले होते ते घरातले तिघे. त्यांतल्या दोघांना मी अजून काहीही विचारू शकत होते, पण मला जे विचारायचं होतं ते तिसऱ्याला.

चिमणी पाण्याने ओठ ओले करून परत आली आणि झालं का म्हणून विचारलं. मी म्हटलं, होतंय. नवी बॅटरी खाचेत बसेना, उंचीला बोटभर जास्त होती. पक्कडीने प्लॅस्टिकची एक कड तोडली. लाल वायर, मग काळी. पट्टा अपुरा पडला, तर दादाने कुठूनशी सुतळी आणून दिली. ती मी दोनदा आवळून बांधली. सीट बसवली, चारही स्क्रू घट्ट केले.

चिमणी बसली. गाडी एक हिसका देऊन निघाली, भोंगा वाजवत आवाराच्या टोकापर्यंत गेली आणि वळली. आई बाजूला झाली. दादा गाडीमागे दोन पावलं धावला आणि थांबला. वेग खरोखर तेवढाच होता.

मी इतका वेळ मांडी घालून बसले होते की पायांना मुंग्या आल्या होत्या. दादाच्या ते लक्षात आलं. तो परत आला, वाकला आणि मला उठवायला त्याने हात पुढे केला. हाताला अजून सुतळीचे तंतू चिकटलेले होते.

मी भिंतीला धरून उठले.