पापडीचा भाव

"अनसूया, खाली उतर गो जरा. हे वाच."

अनसूया राऊत स्टुलावर उभी राहून वरच्या रॅकवर किमतींच्या सुटलेल्या पट्ट्या पुन्हा चिकटवत होती. खाली ॲन्सेल्मकाका दोन बिलं हातात धरून उभे होते. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त होऊन त्यांना अठरा वर्षं झाली होती, पण कागद पुढे करायची पद्धत अजून तीच. तिकीट फाडून दिल्यासारखी.

ती उतरली. दोन्ही बिलांवर 'भरपूर बाजार' हेच नाव होतं. एक या पापडीच्या शाखेचं, दुसरं नायगावच्या. दोन्हींवर मोठ्या माणसांच्या डायपरचं तेच दहाचं पाकीट. पापडीला चारशे अडुसष्ट, नायगावला चारशे नऊ.

"काल लेकीकडे गेलो होतो नायगावला. म्हटलं, फिलूसाठी येताना एक पाकीट घ्यावं. तर हे. कंपनी तीच, पाकीट तेच, पिशवीसुद्धा तीच. मग हे एकोणसाठ रुपये कसले?"

फिलोमिनाकाकू दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या. महिन्याला आठ पाकिटं लागायची. काकूंना एकटं टाकून काकांना दर आठवड्याला नायगाव गाठता येत नव्हतं, आणि गाठलं तरी वाचलेले पैसे रिक्षावालाच नेणार.

चौदा वर्षं अनसूया हेच काम करत होती. आधी माणिकपूरला आणि पापडीत शाखा निघाल्यापासून इथे, स्वतःच्या गावात. सकाळी सातला अंधेरीच्या ऑफिसातून किमती यायच्या, मशीन पट्ट्या छापायचं, आणि दुकान उघडायच्या आत ती एकेक पट्टी बदलून मोकळी व्हायची. रॅकवर एक किंमत आणि बिलात दुसरीच, असं तिच्या शाखेत कधी झालं नव्हतं. त्याचा तिला अभिमान होता. शाखाशाखांत फरक असतो हेही तिला माहीत होतं. पण त्याचं कारण तिला आजवर कुणी विचारलं नव्हतं, आणि तिनेही कुणाला विचारलं नव्हतं.

सोमवार होता. सोमवारी एरिया मॅनेजर प्रितेश फेरीला यायचा. तिशीतला, नीटनेटका, बोलायला गोड. त्याने काकांचा आवाज ऐकला आणि तो पुढे आला.

"काका, ट्रान्सपोर्टचा खर्च असतो ना. प्रत्येक ब्रँचचा वेगळा पडतो."

"असेल," काका म्हणाले. बिलांची घडी घालून ती खिशात ठेवताना त्यांनी अनसूयाकडे पाहिलं. ते काही मागत नव्हते. नुसतं पाहिलं.

"गाडी एकच आहे, काका," अनसूया म्हणाली. "कामणच्या गोडाऊनमधून निघते, आधी इथे माल उतरवते, मग नायगावला जाते. ट्रान्सपोर्ट लावायचाच तर नायगावला जास्त लागेल."

प्रितेशने तिला केबिनमध्ये बोलावलं.

"राऊत मॅडम, कस्टमरसमोर असं?"

"मग खरं काय ते तुम्ही सांगा. मी तेवढंच बोलेन."

तो वाईट माणूस नव्हता. त्याने सरळ सांगितलं. "हे बघा, पाकिटावर छापील किंमत पाचशे पंचवीस. आपण कुठेच त्याच्या वर विकत नाही. खाली किती यायचं, ते त्या त्या एरियावर. नायगावला टॉवरच्या खाली तीन मोठी दुकानं आहेत, शिवाय मोबाईलवर मागवलं की दहा मिनिटांत घरपोच. तिकडे आपण पाच रुपये चढे राहिलो तर कस्टमर गेला. पापडीत कोण आहे? म्हातारी माणसं, मुलं बाहेरगावी. त्यांना वस्तू तर लागणारच, आणि ती लांब जाणार नाहीत. सिस्टिमला हे बरोबर कळतं. कुणी मुद्दाम नाही करत."

अनसूया पुन्हा स्टुलावर चढली. पण 'पापडीत कोण आहे' हा प्रश्न तिच्या डोक्यातून जाईना.

होतं ना. रुडॉल्फचं दुकान होतं, चर्चच्या गल्लीत, त्याच्या बापापासूनचं. शाखा उघडली तेव्हा याच पाकिटाची किंमत तीनशे नव्याण्णव होती. ती पट्टी अनसूयानेच लावली होती. वर्षभरात रुडॉल्फने शटर खाली ओढलं. त्यानंतर चार महिन्यांनी चारशे अडुसष्टची पट्टी आली. तीही तिनेच लावली, कोपरे दाबून, सरळ रेषेत. दोन्ही पट्ट्यांचा एकमेकींशी संबंध आहे, हे तिला आज कळलं.

ड्युटी सुटल्यावर ती घरी न जाता रुडॉल्फकडे गेली. तो आता घराच्या पडवीत पाव आणि अंडी विकायचा. तिच्या अंगावरचा कंपनीचा हिरवा टी-शर्ट पाहून त्याने मान फिरवली.

"अंडीपण स्वस्त करायला आलात काय?"

"रुडॉल्फभाऊ, मला कुणी पाठवलं नाही. ज्या पट्ट्यांनी तुमचं दुकान बसलं, त्या मी लावल्या होत्या. तेव्हा कळलं नव्हतं. आज कळलं."

"कळलं असतं तर लावल्या नसत्या?"

"लावल्या असत्या. माझी लेक संपदा तेव्हा नर्सिंगला होती, फी भरायची होती."

रुडॉल्फने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मग आतून एक स्टूल आणून तिच्यापुढे ठेवलं.

"बोल."

"डायपर ठेवा. बाकी काही नको, तेवढंच. भिवंडीहून होलसेलने आणलेत तर चारशे तीसला विकून तुम्हालाही चार पैसे सुटतील."

"आणि तुमची कंपनी दुसऱ्या दिवशी चारशेवर आली की? माझे खोके घेऊन मी काय करू?"

"येईलच ती. यायलाच हवी. तुमचे खोके कसे खपतील ते माझ्यावर सोडा."

कोणाच्या घरी काय लागतं, हे अनसूयाला पाठ होतं. तिच्या सुट्टीच्या दिवशी ती अकरा घरांत गेली. कुठे आजारी सासू होती, कुठे नवरा, एका घरी पंचविशीतला मुलगाच अपघातापासून पडून होता. सगळीकडे तिने एकच सांगितलं: रुडॉल्फकडे माल येतोय, त्याच्याकडून घ्या. उद्या भरपूर बाजारातला भाव खाली आला तर तिथूनही घ्या, पण चारातली दोन पाकिटं रुडॉल्फचीच घ्या. ज्या दिवशी त्याचा धंदा बंद पडेल, त्या दिवशी परत चारशे अडुसष्ट.

"पण तू तिकडचीच ना गो?" कमळीने विचारलं. कमळीची सासू आतल्या खोलीत होती.

"तिकडचीच. म्हणून तर ठामपणे सांगते."

पुढच्या सोमवारी तिने स्वतःच प्रितेशला सगळं सांगितलं. तो खुर्चीतून अर्धा उठला आणि परत बसला.

"मॅडम, फ्लोअर इन्चार्जसाठी मी तुमचं नाव पुढे पाठवलंय. हे मी ऐकलं नाही, असं समजू या."

"ऐका. मागाहून दुसऱ्याकडून कळण्यापेक्षा बरं. माझ्या कामात चूक असेल तर दाखवा. किंमत जी येईल ती मी तशीच लावणार, आजही आणि उद्याही. पण घरी गेल्यावर माझ्या गावच्या माणसांशी काय बोलायचं, ते अंधेरीहून यायचं नाही."

तिचा आवाज चढला नव्हता. प्रितेशने पेनाचं टोपण लावलं. मग म्हणाला, "माझी आजी गावी असते, वाड्याला. तिला काय भावाने मिळतं, मी कधी विचारलंच नाही."

दहा दिवसांनी पत्र आलं. फ्लोअर इन्चार्जच्या यादीत तिचं नाव नव्हतं, आणि एक तारखेपासून तिची बदली नायगावला होती. अनसूयाने सही करून पत्राची प्रत घेतली. बाकीच्या मुलींना वाटलं, ती रडेल. तिने त्यांना कपबशांच्या रॅकच्या पट्ट्या कशा लावायच्या ते दाखवायला सुरुवात केली, कारण त्या नेहमी वाकड्या लागायच्या.

रुडॉल्फचा माल आला होता. पडवीत पावाच्या पेटीशेजारी निळ्या पाकिटांची चळत लागली, आणि पहिल्या आठवड्यातच निम्मी संपली. भरपूर बाजारात ती पाकिटं तशीच पडून राहिली.

त्याच दिवसांत फिलोमिनाकाकू गेल्या. दुपारी, झोपेत. अनसूया मातीला गेली होती. काका शेवटपर्यंत ताठ उभे होते, आणि आलेल्या प्रत्येकाला उन्हातून सावलीत बसवत होते.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी, पापडीतल्या तिच्या शेवटच्या सकाळी, मशीनमधून पट्टी आली: चारशे नऊ. अनसूयाने जुनी पट्टी नखाने उचलली, रॅकची कड पुसली आणि नवी लावली.

अकराच्या सुमारास काका आले. हातात रिकामी कापडी पिशवी. सवयीनेच पाय त्या रॅकपाशी वळले असावेत. त्यांनी पट्टी वाचली.

"आली खाली."

"आजच आली, काका."

"रुडॉल्फ?"

"चाललंय त्याचं. काल परत भिवंडीला जाऊन आला."

"बरं झालं. घरात आमची तीन पाकिटं उरली होती, ती कमळीकडे देऊन आलो." त्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "तू उद्यापासून नायगावला म्हणे."

"हो."

"मी येतो तिकडे रविवारी. भेटेन."

मग ते चहाच्या रॅककडे गेले. अर्ध्या किलोचं पाकीट उचललं, थोडा वेळ हातात धरलं आणि जागेवर ठेवलं. खालच्या खणातलं शंभर ग्रॅमचं घेतलं. ते पिशवीत न टाकता दोन्ही हातांत धरून ते काउंटरच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.